पंचवीस वर्षांची देखभाल

आपली संस्था २००१ साली सुरू झाली, आणि त्या वर्षी वेबसाइटच्या व्यवसायात पडू नका असेच सगळे जाणते लोक सांगत होते. मार्च २००० मध्ये अमेरिकेतील नॅसडॅक निर्देशांकाने शिखर गाठले आणि त्यानंतर तो कोसळतच गेला. डॉट-कॉम कंपन्या बुडाल्या, त्यांच्या जिवावर वाढलेल्या डिझाइन संस्थाही बुडाल्या आणि पुण्यातही हाती आलेल्या नोकऱ्या गमावून मुले पुन्हा अर्ज करीत फिरू लागली. अशा पडत्या काळात नारायण पेठेतील एका वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांत, दोन संगणकांवर आपले काम सुरू झाले. दादा अभिनव कला महाविद्यालयात उपयोजित कला शिकले होते आणि काही वर्षे जाहिरातींची कामे करीत होते. ताई संगणक अभियंता. या लेखात आपली नावे घालू नयेत असे दोघांनीही बजावले आहे. म्हणून कार्यालयात शिपायापासून सगळे ज्या हाकेने त्यांना बोलावतात तीच इथे वापरतो.

स्मरणिका समितीने इतिहास लिहायला सांगितला तेव्हा पहिली अडचण उभी राहिली ती पुराव्यांची. प्रकाशन संस्थेच्या कपाटात तिचे पहिले पुस्तक असते. आपण पहिल्या पाच वर्षांत केलेल्या वेबसाइटपैकी आज एकही जशीच्या तशी चालू नाही. काहींची दोन-तीनदा पुनर्रचना झाली, काही दुकाने बंद झाली, काही डोमेन कुणी पैसे न भरल्यामुळे परक्यांच्या हाती गेली. अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने जुनी वेबपाने जतन केली आहेत आणि ऑक्टोबर २००१ पासून ती कुणालाही पाहता येतात. तिथे आपली काही पाने सापडली. पण बऱ्याच ठिकाणी चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी आहेत. त्यामुळे हा इतिहास मुख्यतः माणसांच्या आठवणींवर, जुन्या बिलबुकांवर आणि ताईंच्या नूतनीकरणाच्या वहीवर उभा आहे. त्या वहीबद्दल पुढे येईलच.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि बघता बघता पेठापेठांत सायबर कॅफे निघाले. तरी २००१ मध्ये कार्यालयातले इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेला जोडलेला मोडेमच होता. पाने सर्व्हरवर चढवायला घेतली की फोन अडकायचा आणि क्लायंटला दिवसभर व्यस्त असल्याचाच सूर ऐकू यायचा. म्हणून चढवण्याचे काम रात्री. छप्पन्न केचा मोडेम कागदोपत्री. प्रत्यक्षात सेकंदाला चार-पाच किलोबाइट उतरले तरी समाधान मानावे लागे. साठ किलोबाइटचे पान उघडायला बारा-पंधरा सेकंद. पान यापेक्षा जड होता कामा नये, असा दंडक ताईंनी घालून दिला. दादांच्या मनातली चित्रे मोठी होती आणि ताईंच्या हातात वजनकाटा होता. या ओढाताणीतून आपल्या कामाची जी शिस्त तयार झाली ती आजही टिकून आहे. तार बदलून फायबर आली, तरी गावाकडच्या एका रेघेच्या नेटवर्कवर पान उघडते का, हे पाहिल्याशिवाय आपण काम क्लायंटच्या ताब्यात देत नाही.

त्या काळी पानाची मांडणी तक्त्यांत करीत. तक्त्यात तक्ता, त्याच्या घरात आणखी तक्ता, आणि जागा राखायला एक पिक्सेलचे अदृश्य चित्र. पडदा आठशे बाय सहाशेचा धरायचा. मुखपृष्ठाआधी फ्लॅशमधले एखादे हलते चित्र असावे असा बहुतेकांचा आग्रह असे आणि 'इंट्रो टाळा' ही कळ कुठे ठेवायची यावर चर्चा झडत. २००३ साली डेव्ह शे याच्या 'सीएसएस झेन गार्डन'ने सगळ्यांचे डोळे उघडले. पानातला मजकूर एकच आणि केवळ शैलीची फाइल बदलली की त्याचे रूप संपूर्ण वेगळे. जेफ्री झेल्डमन यांचे वेब मानकांवरचे पुस्तकही त्याच वर्षी आले. दादांनी ती उदाहरणे एकेक करून सगळ्यांना दाखवली आणि तक्ते सोडायचे ठरले. ठरवणे सोपे होते. इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती मानके आपल्या पद्धतीने वाचायची आणि क्लायंटच्या टेबलावर नेमकी तीच असायची. तिच्यासाठी वेगळी डागडुजी करण्यात आपल्या मुलांचे कित्येक शनिवार गेले.

पहिले मोठे काम भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील गिअर बनवणाऱ्या कारखान्याचे. परदेशी खरेदीदार पत्रात वेबसाइटचा पत्ता विचारू लागले होते, म्हणून मालक स्वतः आले. दादांनी तिथे जाऊन फिल्मच्या कॅमेऱ्याने गिअरचे फोटो काढले, ते धुऊन आणले आणि स्कॅन केले. काळ्या कापडावर ठेवलेला तेलाने चकाकणारा गिअर मालकांना इतका आवडला की पुढे त्यांच्या दिनदर्शिकेवरही तोच छापला गेला. ते कारखानदार आजही आपले क्लायंट आहेत. आता त्यांचा मुलगा बैठकीला येतो.

या व्यवसायाबाहेरच्या माणसांना वाटते की वेबसाइटचे काम रंग आणि आकार ठरवण्यात जाते. खरा वेळ जातो तो मजकूर मिळवण्यात. अ‍ॅडव्हान्स येतो, आराखडा मंजूर होतो, लोगो थोडा मोठा करून होतो आणि मग 'मजकूर पाठवतो' या वाक्यावर काम दोन-दोन महिने अडते. जो येतो तो बहुधा जुन्या माहितीपत्रकातला, 'गुणवत्ता हेच आमचे ब्रीद' या थाटाचा. यावर ताईंनी जो उपाय काढला त्याला मी संस्थेची सर्वांत मोलाची पद्धत मानतो. आपला एक माणूस क्लायंटकडे दिवसभर नुसता बसतो आणि फोनवर, काउंटरवर लोक काय विचारतात ते टिपून घेतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या साड्यांच्या दुकानात लोक विचारत होते की गाडी कुठे लावायची, सोमवारी दुकान उघडे असते का, फॉल-पिको करून मिळतो का आणि नऊवारी शिवून मिळते का. या चार प्रश्नांची उत्तरे मुखपृष्ठावर आली. घराण्याचा इतिहास एक पान आत गेला. मालकांना सुरुवातीला रुचले नाही. पण काउंटरवरचे फोन कमी झाल्याचे त्यांनीच पुढे सांगितले.

मराठीचा प्रश्न मात्र टिपून घेऊन सुटण्यासारखा नव्हता आणि त्यावर सविस्तर लिहायलाच हवे. मराठी माणूस इंटरनेटवर उशिरा आला नव्हता. 'मायबोली' १९९६ पासून चालू होती. अडचण अक्षरांची होती. प्रत्येक डीटीपी प्रणालीचा फाँट आपापल्या सांकेतिक जागा वापरायचा. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी छापखान्यांत होती, सरकारी कचेऱ्यांत सी-डॅकची प्रणाली होती, इतर ठिकाणी आणखी कोणते कोणते फाँट. एकात टंकलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा दिसे. वेबसाइटवर मराठी दाखवायचे तर दोन मार्ग होते: वाचकाला आधी फाँट उतरवून घ्यायला सांगायचे किंवा मजकुराचे चित्र करून टाकायचे. चित्र सुंदर दिसे. पण त्यातला शब्द शोधता येत नसे, उचलून घेता येत नसे, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्यासाठी ते पान कोरेच होते.

युनिकोडने वाट काढली. विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर 'मंगल' हा देवनागरी फाँट आला. तो घडवणारे र. कृ. जोशी हे आपल्याकडचे थोर सुलेखनकार. दादा त्यांच्याविषयी बोलू लागले की अजूनही उभे राहून बोलतात. पण एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसायला ती सोय वेगळी चालू करावी लागे आणि त्यासाठी विंडोजची सीडी लागत असे. ती सीडी कुणाकडे असणार? आपण मराठी साइटच्या कोपऱ्यात 'अक्षरे नीट दिसत नाहीत का?' असा दुवा देत असू आणि तिथे पायरीपायरीने चित्रांसह सूचना लिहिलेल्या असत. ते पान आपल्या क्लायंटांपेक्षा इतर लोकच जास्त वापरत.

याच सुमारास एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाने आपली ग्रंथसूची वेबवर आणायचे ठरवले. सूची छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये होती. ती युनिकोडमध्ये नेणारी प्रणाली ताई आणि दोन नवी मुले लिहू लागली. अक्षरास अक्षर बदलले की झाले, असे प्रथम वाटले होते. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. म्हणजे ती उचलून पुढे न्यायची. पण पुढे जोडाक्षर असेल तर? 'स्थिती'मधली वेलांटी 'स'च्या आधी टंकलेली, ती 'थ'च्या नंतर गेली पाहिजे. रफाराचे याच्या उलट. तो जुन्या मजकुरात अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये 'र्' होऊन अक्षराच्या आधी जाऊन बसतो. 'वर्षे'सारख्या शब्दात मध्ये मात्राही आलेली असते. शिवाय 'दुसऱ्या'तला 'ऱ्य' वेगळा आणि 'सूर्य'मधला 'र्य' वेगळा. वाचनालयातील ग्रंथपालबाई रोज दुपारी छापील सूची घेऊन येत आणि ओळ न् ओळ ताडून पाहत. शीर्षकात एकही चूक राहू नये हा त्यांचा हट्ट होता आणि तो रास्त होता, कारण चुकलेल्या वेलांटीचे पुस्तक शोधणाऱ्याला कधीच सापडणार नव्हते. हे काम आर्थिकदृष्ट्या पूर्ण तोट्याचे झाले. माझ्या मते संस्थेने केलेले ते सर्वांत चांगले काम आहे.

त्याचे फळ पुढे मिळाले. दृष्टिहीनांसाठी पडद्यावरचे वाचून दाखवणारी एनव्हीडीए ही मोफत प्रणाली आपल्या कार्यालयात आली तेव्हा एका दृष्टिहीन प्राध्यापकांनी ती सूची ऐकून दाखवली. यंत्राचा मराठी उच्चार खडबडीत होता, पण पुस्तकाचे नाव कळत होते. तेव्हापासून प्रत्येक चित्राला वर्णन लिहिणे आणि सगळे पान माउसविना, केवळ कळफलकाने वापरता येते का हे तपासणे हा कामाचा भाग झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर काही क्लायंट स्वतःहून हे मागू लागले. आता 'एक टाइप' या मुंबईच्या संस्थेचा 'मुक्त'सारखा देखणा देवनागरी फाँट मोफत मिळतो आणि वाचकाला काहीही उतरवून घ्यावे लागत नाही. आजच्या नव्या मुलांना यात नवल वाटत नाही. त्यांना ते वाटावे म्हणूनही हे लिहिले.

आता वहीकडे येतो. सुरुवातीच्या वर्षांतच ज्या कंपनीकडून आपण सर्व्हरवरची जागा घेत होतो तिथली डिस्क बिघडली आणि तिच्याकडची राखीव प्रतही निघाली नाही. अनेक क्लायंटांच्या साइट एका रात्रीत नाहीशा झाल्या. आपल्या संगणकांवर मूळ फाइली होत्या, म्हणून त्या काही दिवसांत पुन्हा उभ्या राहिल्या. पण क्लायंटांनी परस्पर भरलेल्या बातम्या आणि दर गेले ते गेलेच. ताईंनी त्यानंतर तीन नियम केले. प्रत्येक साइटची प्रत आपल्याकडे, तीही दोन ठिकाणी. दर महिन्याला त्यातल्या एखाद्या प्रतीवरून साइट खरोखर उभी करून पाहायची. आणि कुणाचे डोमेन, कुणाचे होस्टिंग कधी संपते हे एका वहीत, महिन्यांच्या क्रमाने. लाल पुठ्ठ्याची ती वही पुढे संगणकावरच्या तक्त्यात गेली, तरी तिला अजून वहीच म्हणतात आणि सोमवारी सकाळची पहिली बैठक तिच्यापासूनच सुरू होते.

चौथा नियम दादांचा. डोमेन क्लायंटच्याच नावावर घ्यायचे आणि सगळे पासवर्ड बंद लिफाफ्यात त्याच्या हाती द्यायचे. या धंद्यात अनेक जण डोमेन आपल्या नावावर ठेवतात, म्हणजे क्लायंट कुठे जाऊ शकत नाही. दादांना हे मान्य नव्हते. या नियमाची कसोटी लागली ती आपले काही ज्येष्ठ सहकारी एकदम बाहेर पडून स्वतःची संस्था काढू लागले तेव्हा. काही क्लायंटही त्यांच्याबरोबर गेले. कार्यालयात मने दुखावली होती, कडू बोलणीही झाली. दादांनी त्या सर्व क्लायंटांच्या फाइली, प्रती आणि अद्ययावत नोंदी आठवडाभरात नीट लावून पोहोचत्या केल्या. पुढे त्यातले काही क्लायंट परत आले. बाहेर पडलेल्यांपैकी दोघांचे लेख याच स्मरणिकेत आहेत.

वार्षिक देखभालीचा करार, ज्याला आपण एएमसी म्हणतो, तो सुरुवातीला क्लायंटांना पटत नसे. 'साइट झाली ना? मग दर वर्षी कसले पैसे?' उत्तर देता देता वर्षे गेली. २०१८ च्या जुलैत क्रोम ब्राउझर साध्या साइटांपुढे 'सुरक्षित नाही' असे लिहू लागला, त्या आठवड्यात फोन थांबेनात. एएमसीतल्या साइटांना मात्र आधीच सुरक्षा प्रमाणपत्र बसवलेले होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश बंद झाले, तोवर आपल्याकडच्या शाळांच्या साइटवरून ते कधीच काढले गेले होते. नव्या कामांचा ओघ पाऊसपाण्यासारखा कमीजास्त होतो, पगार मात्र एक तारखेलाच द्यायचे असतात. बिल पाठवल्यावर पैसे यायला तीन-चार महिने लागणे ही लहान संस्थांची नित्याची व्यथा आहे. टीडीएस आधीच कापलेला, आणि २०१७ नंतर अठरा टक्के जीएसटी वसूल होण्याआधीच भरायचा. सूक्ष्म व लघु उद्योगांना पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळावेत अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहे, पण त्यावर बोट ठेवून जुन्या क्लायंटशी कोण भांडणार? एएमसीच्या नेमाने येणाऱ्या रकमेमुळे आपले पगार चुकले नाहीत. संस्था नव्या डिझाइनांनी नावारूपाला आली आणि देखभालीने जगली, हे माझे स्पष्ट मत आहे.

वाढीचे टप्पे थोडक्यात सांगतो. २००५ मध्ये .in नावे सर्वांना खुली झाली आणि लहान दुकानदारही डोमेन घेऊ लागले. त्याच सुमारास भारनियमनाने पुणे हैराण होते. वीज गेली की बॅटरीवर जेवढे होईल तेवढे उरकायचे, उरलेले कागद-पेन्सिलीवर. २००६ साली शहर भारनियमनमुक्त झाले, आणि त्यानंतर वाड्यातून एरंडवण्यातल्या मोठ्या जागेत आलो. खंडेनवमीची पूजा पूर्वी दोन संगणकांची होत असे, आता सर्व्हरच्या कपाटालाही झेंडूचा हार लागतो. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट यांचा एकच पान सर्व आकारांच्या पडद्यांवर बसवण्याविषयीचा लेख आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि क्लायंटांचे बहुतेक वाचक मोबाइलवर गेले. तोवर आपण आराखडा लहान पडद्यापासूनच काढू लागलो होतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली. मुलांनी संगणक दुचाकीवर मांडीत धरून घरी नेले. त्या महिन्यांत आलेली कामे वेगळीच होती: किराणा दुकानदाराला घरपोच यादी घ्यायची होती, औषधविक्रेत्याला चिठ्ठीचा फोटो स्वीकारायचा होता, शिकवण्यांना वर्ग हवे होते. यातली बरीच कामे आपण केवळ खर्चापुरते पैसे घेऊन केली. एकाही माणसाला कमी केले नाही. दोघा भागीदारांनी काही महिने स्वतः काहीच उचलले नाही.

गेल्या काही वर्षांत वेगळाच प्रश्न विचारला जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि काही मिनिटांत पान करून देणारी साधनेही त्यामागोमाग आली. नवी मुले काळजीत असतात. ती साधने आपल्याकडेही वापरली जातात आणि वापरावीतच. पण साड्यांच्या दुकानात दिवसभर बसून लोक काय विचारतात ते ऐकणे, ग्रंथपालबाईंबरोबर वेलांट्या ताडणे आणि रविवारी रात्री साइट बंद पडली तर फोन उचलणे, यासाठी माणूस लागतो. त्याच कामासाठी मुलांना आज तयार करायला हवे असे मला वाटते.

या लेखातील पहिल्या पाच वर्षांचा भाग अपुरा आहे. तो भरून काढण्यासाठी कार्यालयात जुन्या कामांचा संग्रह सुरू करीत आहोत. माजी सहकाऱ्यांनी आणि क्लायंटांनी घरात, दुकानात पडलेल्या त्या काळच्या सीडी, फ्लॉपी, छापून ठेवलेली वेबपाने, कोटेशने, कार्यालयातले फोटो, जे काही असेल ते आणून द्यावे. सीडी खराब झाली असे वाटले तरी टाकू नये. तिच्यातून काय निघते ते आम्ही पाहू. प्रत करून घेतली की मूळ वस्तू त्याच आठवड्यात परत केली जाईल.